वाटणीतली कॉन्टेसा

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज शिवपुत्र पुण्याला परत गेला आणि जाताना माझ्या डोक्याला खुराक देऊन गेला.

विषय कॉन्टेसाचा. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी आहे. ब्याण्णवचं मॉडेल, आकाशी रंग, बॉनेट एवढं लांब की त्यावर माणूस आडवा व्हावा. उभी आहे म्हणजे लोखंडी घोड्यांवर ठेवलेली आहे. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, रेडिएटर नाही, डावीकडची दोन्ही दारं नाहीत, पुढचा बंपर नाही, हॉर्न नाही, चार हेडलाइटपैकी दोन नाहीत. बाकी गाडी उत्तम आहे.

माझ्या ह्या पोराचं म्हणणं, पुण्याजवळ त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला आहे, त्याला जुनी गाडी शोभेला पाहिजे. बॉनेटचा काउंटर करणार, मागच्या भागाचा सोफा.

"सोफा?" मी म्हणालो. "त्यावर बसून काय करणार?"

"चहा पितील लोक. अप्पा, किती वर्षं झाकून ठेवणार? चालू तर व्हायची न्हाय."

"कोण म्हणतं?"

"मग करा की. पौष पुनवेच्या यात्रेला मी येतो. तोवर इंजिन घालून चालू करून दाखवली तर परत हा विषय काढणार न्हाय. न्हाय झाली तर हॉटेलवाला टेम्पो घेऊन येईल."

"दिला शब्द," मी म्हणालो.

शांताक्का, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. एरवी दोघांच्या मध्ये पडली असती. आज नुसती पोराकडे बघून आत गेली.

ह्या हायवेवर मी चाळीस वर्षं ट्रक उघडतोय आणि मिटतोय. हैदराबादचे ड्रायव्हर सोलापूरजवळ बिघडलेली गाडी कशीबशी रेटत इथवर आणायचे, का तर नळदुर्गला भीमाशंकर मेस्त्री आहे. एका कॉन्टेसाचं काय एवढं? बियाणांच्या दुकानदाराने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून कामाची नोंद ह्यात ठेवणार, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर तोंडावर टाकता येईल.

१६ ऑक्टोबर

कोजागरीसाठी तुळजापूरला चालत निघालेल्या लोकांनी रस्ता भरलाय. ट्रक दुसरीकडून वळवलेत, त्यामुळे गॅरेजला सुट्टी. तेव्हा गाडी अर्धी कशी झाली ते एकदाच लिहून टाकतो. नंतर त्या माणसाचं नाव ह्या डायरीत येणार नाही.

अणदूरचा ज्ञानोबा आणि मी, दोघांचा मिळून धंदा होता. पुढं त्याचा ढाबा, मागं माझं गॅरेज. ट्रक माझ्याकडे, ड्रायव्हर त्याच्याकडे. माझं काम होईस्तोवर ड्रायव्हर त्याच्याकडे दोनदा जेवायचा. त्या कमाईतून ही गाडी घेतली, सोलापूरच्या एका गिरणीवाल्याकडून. रविवारी शांताक्का आणि ज्ञानोबाची द्वारकाबाई मागच्या सीटवर, आम्ही दोघं पुढं, की निघालो अणदूरच्या खंडोबाला. एरवी दुपारी जेवण तयार झालं की ज्ञानोबा हाक मारायचा नाही. बाहेर येऊन कॉन्टेसाचा हॉर्न दोनदा वाजवायचा. मी ट्रकखाली असलो तरी मला कळायचं.

मग त्याला ढाब्यात मटण सुरू करायचं झालं. मी म्हणालो, कर, पण चूल वेगळी कर. आम्ही लिंगायत माणसं. ज्या चुलीवर मटण शिजतं तिच्यावरचं ताट मला चालणार नाही. तो म्हणाला, दुसऱ्या चुलीला जागा कुठाय. शब्दाला शब्द वाढला आणि धंदा तुटला. भांडी, खाटा, टायर, सगळ्याची वाटणी झाली, गाडीवर येऊन अडलं. मी माझा हिस्सा सोडेना, तो त्याचा सोडेना. शेवटी गावातले जाणते महालिंगप्पा वैतागून ओरडले, "मग कापा तिला मधून आन् घ्या अर्धी अर्धी!"

ते रागाने बोलले होते. आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "चालंल."

त्याला इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि हॉर्न. मला बॉडी, चाकं, सीट आणि स्टिअरिंग. दारं दोन-दोन, हेडलाइट दोन-दोन, बंपर एक-एक. इंजिन मीच उतरवून दिलं, अर्ध्या दिवसात, एकही बोल्ट न मोडता. ते काम बघायला माणसं जमली होती. महालिंगप्पा मात्र थांबले नाहीत, कपाळावर हात मारून घरी गेले.

त्याने अणदूरच्या फाट्यावर वेगळा ढाबा टाकला. पंचवीसएक वर्षं झाली. मी त्याच्या दारात गेलो नाही, तो माझ्या आला नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

२६ ऑक्टोबर

मोठं काम झालं! पुढचं डावं दार मिळालं.

मल्लेश पेंटर माझ्याकडे पत्र्याचं आणि रंगाचं काम करतो. त्याला सांगून ठेवलं होतं, भंगारात कॉन्टेसाचं काही दिसलं तर उचलायचं. आज टेम्पोतून दार घेऊन आला. रंगसुद्धा आकाशी.

"कुठं घावलं?"

"सोलापूरला, मेस्त्री," तो जमिनीकडे बघत म्हणाला. लाजाळू माणूस आहे.

दारावर खालच्या बाजूला लांब ओरखडा आहे. आमच्या गाडीच्या दारालाही तिथंच होता, ज्ञानोबाने ती हातपंपाला घासली होती तेव्हाचा. कॉन्टेसा लांब गाडी, वळवताना तिथंच लागणार. सगळ्यांच्याच कॉन्टेसाला तिथं लागत असणार. दाराला मसाल्याचा वास येत होता. भंगारवाल्याच्या शेजारी खानावळ असावी.

बिजागऱ्या पहिल्या झटक्यात बसल्या. ह्याला म्हणतात हात.

३ नोव्हेंबर, रविवार

शांताक्का अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेली होती. दुपारी परत आली आणि जेवणार नाही म्हणाली. देवळात प्रसाद झाला म्हणे. भरपूर झालेला दिसतो, कारण आल्या आल्या पसरली. संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "ज्ञानोबांच्या गुडघ्याचं आपरेशन झालंय."

"मी विचारलं का तुला?"

"न्हाय. म्हटलं सांगावं."

"नको सांगू."

ती कप घेऊन निघाली. मग मला विचारावं लागलं, "कुठल्या गुडघ्याचं?"

"डाव्या," ती म्हणाली आणि का कुणास ठाऊक, हसली.

त्याचा डावा गुडघा पहिल्यापासून दुखायचा. क्लच दाबताना तोंड वाकडं करायचा. मीच त्याला क्लच हलका करून दिला होता.

१२ नोव्हेंबर

दोन हेडलाइट आणि पुढचा बंपर. सोलापूरच. मल्लेशचं नशीब जोरावर आहे, आणि त्याला कुठं काय शोधायचं हे मीच शिकवलंय, हेही लिहून ठेवलं पाहिजे. काचा मिठाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेल्या होत्या. पुसून बघितल्या, आरशासारख्या. भंगारवाला सामान जपतो.

आता इंजिन. उमरग्याच्या भंगारात एका जीपचं डिझेल इंजिन बघून ठेवलंय. शिवपुत्र "इंजिन घालून" म्हणाला, कुठलं ते म्हणाला नाही. डिझेल म्हणजे माझ्या घरचं काम.

२१ नोव्हेंबर

जीपचं इंजिन आलं. धुऊन, उघडून, रिंगा बदलून चालू केलं. शेड हादरली. झक्कास.

कर्नाटकातला एक ट्रकवाला ब्रेक बघायला थांबला होता. शरणबसप्पा नाव, आमच्यातलाच. जेवायला कुठं थांबता विचारलं तर म्हणाला, "अणदूरच्या फाट्यावर, ज्ञानोबांच्या ढाब्यावर. तिथं आपल्या माणसांसाठी चूल वेगळी हाय."

मी म्हणालो, "असं सगळेच म्हणतात. आत जाऊन कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय की," तो म्हणाला.

ट्रकवाल्यांना काय, भूक लागली की सगळं खरं वाटतं. त्याचे ब्रेक जरा जास्तच आवळले गेले, परत ढिले करून द्यावे लागले.

५ डिसेंबर

आज कापायचं होतं.

जीपचं इंजिन उंच आहे. कॉन्टेसात बसवायचं तर इंजिन जिच्यावर टेकतं ती खालची आडवी लोखंडी पट्टी कापून खाली घ्यावी लागते. सोपं काम. खडूने खुणा केल्या, मल्लेशने गॅस कटर पेटवून हातात दिला.

मी खाली वाकलो. पट्टीवर जुन्या इंजिनाचे रबर टेकायचे तिथले दोन गोल डाग अजून दिसतात. सगळ्या गाडीला कुठं ना कुठं गंज लागलाय, तिथं नाही. दर दसऱ्याला बाकीच्या अवजारांबरोबर मीच तिथं तेलाचा हात फिरवतो. का फिरवतो, ह्याचा कधी विचार केला नव्हता.

एकदा कापली की ते इंजिन ह्या गाडीत पुन्हा बसणार नाही.

मी कटर बंद केला. मल्लेशला म्हणालो, गॅस संपत आलाय.

"सिलिंडर भरलेलं हाय, मेस्त्री. सकाळीच आणलंय."

"मग हवेत ओल आहे," मी म्हणालो. त्याने मान हलवली. लिहिताना मला स्वतःलाच हे पटत नाही. चाळीस वर्षांत माझा हात कधी असा थांबला नव्हता. उद्या कापतो.

६ डिसेंबर

कापली नाही.

१९ डिसेंबर

दोन आठवडे नुसता रंग घासतोय. पॉलिशने काही गाडी चालत नाही, हे मला कळतं. पौष पुनव जवळ आली. शिवपुत्राचा फोन आला, हॉटेलवाला विचारतोय म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्याने हे होणार नाही. शांताक्कासमोर बोललो नाही, पण ती ताट घेऊन शेडमध्ये आली आणि माझ्याशेजारी उलट्या डब्यावर बसली.

देव सध्या आमच्या गावात आहे. खंडोबाची मूर्ती एकच आणि गावं दोन. वर्षातला मोठा काळ देव अणदूरच्या देवळात राहतो, थंडीत पालखीतून इकडं नळदुर्गच्या मैलारपुरात येतो आणि पौष पुनवेची यात्रा आटोपली की काही दिवसांनी परत जातो. दरवर्षी दोन्ही गावची माणसं बसून करार करतात, मग देव हलतो. लहानपणापासून बघतोय, त्यात नवल वाटावं असं काही नाही.

शांताक्का म्हणाली, "आपल्या आज्ज्या-पणज्याच्या आधीपासनं दोन गावं एक देव वाटून घ्याय लागलीत. भांडली बी असतील. पण मूर्ती कुणी मधनं कापली न्हाय."

मी म्हणालो, "भात थंड झालाय."

"झाला असंल," ती म्हणाली आणि ताट ठेवून गेली.

२४ डिसेंबर

मागचं डावं दार आलं. पुन्हा सोलापूर, पुन्हा आकाशी.

काच वरखाली होत नव्हती म्हणून आतलं आवरण उघडलं. काचेच्या हँडलखाली एक वायसर होता, गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कापलेला. असा वायसर दुकानात मिळत नाही. तो मी कापलेला होता, ह्याच शेडमध्ये, एका रविवारी, द्वारकाबाईच्या बाजूची काच वर जाईना म्हणून.

मल्लेशला समोर उभं केलं.

"सोलापूरला कुठल्या गल्लीत घावलं?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मेस्त्री, अक्कांनी सांगितलं व्हतं."

अक्का म्हणजे शांताक्का. म्हणजे ती, द्वारकाबाई, मल्लेश आणि ज्ञानोबा, चौघं मिळून मला दोन महिने गंडवत होते. मी मल्लेशला वाट्टेल ते बोललो. माझी गाडी काय त्या ज्ञान्याच्या मेहेरबानीवर उभी राहणार? दार उचल आणि परत नेऊन टाक, म्हणालो. त्याने उचललं. मग मीच म्हणालो, ठेव, पाठीला उसण भरंल.

"आन् इंजिन?" मी विचारलं. "ते का आणलं न्हाय?"

"ते देत न्हाईत. म्हणले, दारं-बिरं ने. इंजिन पाहिजे असंल तर भिमानं सोताच्या पायानं यावं."

रात्री जेवलो नाही. मला त्याचा राग आला, हे खरं. पण राग आला म्हणून भूक गेली, असं मात्र नाही.

२९ डिसेंबर, रविवार

गेलो.

शांताक्काला म्हणालो, अणदूरला चाललोय, नटबोल्ट आणायचेत. तिने काही न विचारता धुतलेला सदरा काढून दिला.

ढाबा फाट्यावर आहे, पुढं लिंबाचं झाड. मी मोटारसायकल लावली आणि तिथंच उभा राहिलो. ज्ञानोबा बाहेर खाटेवर बसला होता, काठी शेजारी. केस सगळे गेलेत. त्याने मला बघितलं, मी त्याला. मला वाटलं होतं तो काहीतरी टोचून बोलेल, मी उत्तरं तयार करून गेलो होतो. तो म्हणाला, "ऊटा आतेनु?"

जेवण झालं का. माझ्या आईने त्याला शिकवलेलं कानडी तेवढंच. ती गेल्यापासून मला हे असं कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग बस की. उभ्यानं जेवणार हायस का?"

ढाब्याला दोन स्वयंपाकघरं आहेत. मधे भिंत, दोन्हीची दारं वेगळी, भांडी वेगळी. एकावर पाटी आहे, 'शाकाहारी चूल वेगळी'. अक्षरांवर पुन्हा पुन्हा रंग चढवून ती जाड झालीत. द्वारकाबाईंनी त्या दारातून ताट आणलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, कांदा. "भावजी, सावकाश जेवा," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

मी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "ही चूल कधी बांधलीस?"

"इथं आलो त्याच वर्सी. तुझ्यासाठीच बांधली म्हण की."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"मंग तू यायचं न्हाय व्हय?"

मी पुढचा घास घेतला. चटणी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंही असेल, पण चटणीच्या आधीच आलं होतं.

जेवण झाल्यावर मागच्या खोलीत नेलं. इंजिन लाकडी चौकटीवर ठेवलेलं, वर गोधडी. खंडेनवमीच्या पूजेचा झेंडू सुकून तसाच अडकलेला होता. मी पाना लावून फिरवलं. मला खात्री होती, पंचवीस वर्षं पडलेलं इंजिन, पिस्टन धरलेले असणार. फिरलं! लोण्यातून फिरावं तसं फिरलं.

"दर खंडेनवमीला तेल घालून दोन फेरे देतो," ज्ञानोबा म्हणाला. "उतरवून देताना तूच बोलला व्हतास, ज्ञान्या, फिरवत राहा, न्हायतर धरंल."

मी असं बोललो होतो हे मला अजिबात आठवत नाही. त्या दिवशी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, असंच मला आठवतं.

मग त्याने व्यवहाराचं काढलं. गाडी एक झाली तर राहणार कुणाकडं? बराच वेळ हमरीतुमरी झाली, जुन्या दिवसांसारखी. शेवटी मला एकदम सुचलं. म्हणालो, "देवासारखं करू. फक्त उलटं. देव ज्या गावात, गाडी दुसऱ्या गावात. म्हणजे कुठलंच गाव रिकामं न्हाय."

देव अणदूरला मोठा काळ असतो. म्हणजे गाडी बहुतेक सगळं वर्ष माझ्याकडे. ज्ञानोबाने क्षणभर विचार केला आणि हसायलाच लागला, गुडघा धरून.

"कबूल. शब्द?"

"शब्द."

घरी आलो तरी तो का हसला ते कळलं नाही. व्यवहारात तो पहिल्यापासून कच्चाच. हसून साजरं केलं झालं.

४ जानेवारी

गिअरबॉक्स-रेडिएटरसह इंजिन गाडीत बसलं. चेन-कप्पीने उचलून हळूहळू खाली सोडलं, आणि त्या दोन गोल डागांवर रबर बरोबर टेकले. मी बाजूला जाऊन पाणी प्यालो.

ज्ञानोबा रोज येतो. खुर्ची टाकून बसतो आणि सूचना करतो. इंजिन उतरवणारा मी, चढवणारा मी, आणि हा सांगणार की बोल्ट आवळ. हॉर्न मात्र त्याने स्वतः बसवला, कुणाला हात लावू दिला नाही. जीपचं इंजिन उमरग्याला परत पाठवलं.

१० जानेवारी

चालू होत नाही. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, इंजिन फिरतंय, एकदा खोकतं आणि गप्प. सोमवारी भोगी, त्याच दिवशी पुनव. शिवपुत्र रविवारी रात्री निघतो म्हणाला. शेजारी ज्ञानोबा गप्प बसलाय. त्याने काही बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

ह्या वेळी पैज हरलो तर फक्त गाडी जाणार नाही. ज्ञानोबाला रोज इथं यायला कारण उरणार नाही. हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, इथंच लिहितोय.

११ जानेवारी

सापडलं. चाळीस वर्षं डिझेल उघडलं. डिझेलला स्पार्कप्लग नसतात. प्लगच्या दोन वायरी मी एकमेकींच्या जागी लावल्या होत्या. सकाळी कुणी यायच्या आत अदलाबदल केली.

ज्ञानोबाने विचारलं, काय झालं होतं. म्हणालो, हवा धरली होती. सगळं सगळ्यांना सांगायची गरज नसते.

आज पूर्ण चालू करून बघितली नाही. यात्रेलाच करायची.

१३ जानेवारी

झालं! झालं! झालं!

सकाळपासून मैलारपूरकडं माणसांची रीघ, हवेत भंडारा, येळकोटचा गजर थेट शेडपर्यंत. शिवपुत्र पहाटेच आला. दुपारी सगळे शेडमध्ये जमले, मल्लेश, द्वारकाबाई, शांताक्का, जाता जाता थांबलेले यात्रेकरूही. मी स्टिअरिंगवर बसलो, ज्ञानोबा शेजारी. चावी फिरवली.

एकदा खोकली, दोनदा खोकली आणि लागली. असा आवाज, भरदार आणि शांत. मी पहिला गिअर टाकला आणि गाडी घोड्यांच्या जागेवरून स्वतःच्या पायांनी उन्हात आली. शिवपुत्र मला मिठी मारायला आला, तर त्याच्या शर्टाला ग्रीस लागलं. शांताक्का रडत होती. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

शिवपुत्राला म्हणालो, "त्या हॉटेलवाल्याला सांग आता."

"कुठल्या? हां, हां. सांगतो."

एवढं मोठं गिऱ्हाईक, पण पोरगा नाव विसरला. आजकालच्या पोरांचं असंच.

मग ज्ञानोबा शेजारच्या सीटवरून म्हणाला, "भिमा, देव आज कुठं हाय रं?"

"कुठं म्हणजे? इथं, मैलारपुरात."

"मंग गाडी कुठं पाहिजे?"

मी हँडब्रेक ओढला. मग शांताक्का पदर तोंडाला लावून हसली, मग द्वारकाबाई, मग मल्लेश, जो लाजाळू म्हणून मी आजवर सांगत आलो. त्या दिवशी ज्ञानोबा गुडघा धरून का हसला, ते मला आत्ता कळलं. इतक्या वर्षांनी चालू झालेली गाडी, आणि माझ्याच शब्दाप्रमाणे ती अणदूरला न्यायची. देव परत जाईपर्यंत.

"दोन दिवस थांब की," मी म्हणालो.

"देव थांबतो का कराराच्या पुढं?"

नाही थांबत.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी आतल्या रस्त्याने अणदूरला गेलो. बायका मागच्या सीटवर, मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा, आम्ही दोघं पुढं. डाव्या दाराचा ओरखडा मी मल्लेशला बुजवू दिला नव्हता.

लिंबाखाली गाडी लावली, एकदा फडक्याने पुसली आणि चावी दिली. ज्ञानोबाने ती खिशात न ठेवता हातातच धरली. शिवपुत्राला पुण्याला निघायचं होतं म्हणून आम्ही रिक्षाने लगेच परतलो.

शेड रिकामी आहे. नुसत्या घोड्या उभ्या आहेत आणि मधे तेलाचा डाग. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? दुपारभर तिथंच काहीबाही आवरत बसलो.

१५ जानेवारी

दुपारी घोड्या उचलून भिंतीला लावत होतो तेव्हा फोन वाजला. ज्ञानोबाचा नंबर. उचलला तर कुणी बोलेना. मी दोनदा हॅलो म्हणालो.

मग हॉर्न वाजला. दोनदा.

हात धुतले आणि शांताक्काला सांगायला गेलो, आज भाकरी टाकू नको. तिने गॅस पेटवलेलाच नव्हता. लुगडं बदलून, मोटारसायकलची चावी हातात घेऊन ती दारात उभी होती.